उरला नावाच्या देशास जाणाऱ्यांसाठी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने नभोवाणीवर प्रवासवर्णन करावे, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. मी परदेशी गेलेलो नाही. गेली तीस-एक वर्षे मी एकाच ठिकाणी राहत आहे, आणि तेथून हललो असेन तो फार तर लग्नकार्यासाठी नागपूरपर्यंत. परंतु मी जेथे राहतो तो स्वतंत्र देश असून तो नकाशात दाखविण्याचे राहून गेले आहे, असे माझे बऱ्याच अनुभवांती मत झाले आहे. तेव्हा प्रवासवर्णन करण्याचा नसला, तरी तेथे येऊ इच्छिणाऱ्या प्रवाशांना चार सूचना करण्याचा अधिकार मला पोहोचतो, असे मी धरून चालतो.

नकाशात नसलेल्या देशांची माहिती देणारे ग्रंथ पूर्वीही झाले आहेत. सर टॉमस मोर याने १५१६ साली ‘युटोपिया’ लिहिला. त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘कोठेच नसलेले ठिकाण’ असा आहे. स्विफ्टने १७२६ साली आपल्या गलिव्हरला लिलिपुटात नेऊन उतरविले. हे दोघेही थोर लेखक. पण तेथे जावयाचे झाल्यास तिकीट कोठले काढावे, एवढी साधी गोष्ट सांगण्यास दोघेही विसरले. माझ्या देशाचे तिकीट मात्र मिळते. ते रायपूरचे काढावे.

देशाचे नाव उरला. रायपूर शहराच्या उत्तरेस, बीरगावला लागून ही वस्ती आहे. सरकारी कागदांत ती औद्योगिक क्षेत्र म्हणून नोंदलेली असून तेथे लोखंड वितळते, सळया ओढल्या जातात आणि धुराडी रात्रंदिवस आपापले काम करीत असतात. हिंदीभाषकाला या नावात काही विशेष वाटत नाही. मराठी माणूस मात्र ते ऐकताच थबकतो. तेथल्या एका कारखान्यात हिशेबनिसाची जागा मिळाल्याचे पत्र घेऊन मी घरी आलो, तेव्हा माझ्या आजीने विचारले होते, “उरला? अरे, मग बाकीचे कुठे गेले?” त्या वेळी आम्ही सारे हसलो. तिचा प्रश्न किती नेमका होता, हे उमगावयास मला पुढची तीस वर्षे लागली.

आता हा देश झाला कसा, ते थोडक्यात सांगतो. कारण कोणत्याही प्रवासी मार्गदर्शिकेत इतिहासाचे एक प्रकरण असते आणि ते कोणी वाचत नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून गेले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्याबरोबर मराठी आली, मोडीचे दप्तर आले, आणि दप्तर सांभाळणारी माणसे आली. पुढे १८१८ साली इंग्रज अधिकाऱ्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. दप्तराबरोबर माणसेही आली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. म्हणजे राज्य कोणाचेही असो, रायपूरच्या मराठी माणसाची दृष्टी आपली नागपूरकडे. वकिली शिकावयाची नागपुरास, मुलगी द्यावयाची नागपुरास, लोणच्याच्या बरण्या आणावयाच्या त्याही नागपुराहून.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस उजाडला. भाषावार प्रांतरचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि रायपूर नव्या मध्यप्रदेशात. तीनशे किलोमीटरांवरची राजधानी एका रात्रीत सहाशे किलोमीटरांहून दूर भोपाळला गेली. जगात माणसे देश सोडून जातात, असे आपण ऐकतो. आमच्या वडीलधाऱ्यांचा देशच त्यांना सोडून गेला, आणि तोही ते झोपेत असताना. कोणी अन्याय केला, असे नव्हे. ज्या न्यायाने मराठी भाषकांना पुढे महाराष्ट्र मिळाला, त्याच न्यायाने आम्ही बाहेर राहिलो. २००० साली, पुन्हा १ नोव्हेंबरलाच, छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर स्वतः राजधानी झाले. या सगळ्या वजाबाक्या झाल्यावर जी बाकी राहिली, ती म्हणजे आम्ही. हिशेबनीस या नात्याने मला ही बाकी नीट समजते.

असो. आता प्रवासाकडे वळू. मुंबईहून निघालेली हावड्याची गाडी नागपूर, भंडारा रोड, तुमसर रोड करीत गोंदियास येते. गोंदिया सोडले की प्रवाशाने खिडकीपाशी बसावे. दरेकसा आणि बोरतलाव या स्थानकांच्या मध्ये डोंगर लागतो व गाडी बोगद्यात शिरते. इतर देशांच्या सीमेवर शिपाई, कुंपण आणि पाट्या असतात. आमच्या सीमेवर केवळ अंधार आहे. बोगद्यात शिरताना आपण महाराष्ट्राचे निरोप घेत असतो आणि पुढे डोंगरगडच्या टेकडीवर बम्लेश्वरीचे मंदिर दिसू लागले, की छत्तीसगडात आलेले असतो. या अंधारात काही प्रवासी एक गोष्ट बोगद्यातच विसरून येतात, ती म्हणजे नम्रता. ती जपून आणावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

पारपत्राची आवश्यकता नाही. परंतु आडनाव तयार ठेवावे. आमच्या देशात पाहुण्याची तपासणी घरातील सर्वांत वृद्ध बाई करते. “जोशी म्हणजे कुठले? उमरेडचे का? मग पवनीचे ते तुमचे कोण?” या तपासणीत कोणी अनुत्तीर्ण झाल्याचे ऐकिवात नाही, कारण तीन-चार प्रश्नांत कोठला तरी मामा किंवा साडू निघतोच, आणि लगेच चहात साखर एक चमचा वाढते. रायपुरात तात्यापारा नावाचा मोहल्ला आहे. माझा जन्म तेथलाच. एखाद्या तात्याच्या नावे अख्खा मोहल्ला ओळखला जावा, ही गोष्ट पुण्यातील तात्यांनाही साधलेली नाही. मात्र ‘पारा’ या शब्दाविषयी सावध असावे. छत्तीसगडीत पारा म्हणजे आळी, मोहल्ला. आणि वैशाखात दुसरा पाराही पंचेचाळिसाच्या घरात जातो. तेव्हा “पाऱ्यात जाऊन येतो” असे यजमान म्हणाले, तर ते उन्हात जात आहेत की शेजारी, हे विचारून घ्यावे. मे महिन्यात दोन्ही एकच असते.

कपड्यांविषयी सूचना अशी, की पांढरे वस्त्र आणू नये. उरल्यात पांढरा हा तात्पुरता रंग आहे. एक मित्र सायंकाळी पांढरेशुभ्र धोतर दोरीवर वाळत घालून झोपले आणि सकाळी त्यांनी ते दुसऱ्याचे समजून परत केले. धुराड्यांतून येणारी काळी धूळ अंगणात, वहीत, ताकात, सर्वत्र समभावाने बसते. सकाळी तुळशीला पाणी घालण्यापूर्वी तिची पाने बोटाने पुसावी लागतात. लोखंडावर पोट असलेल्या माणसाने धुराविषयी फार बोलू नये, असे पूर्वी वाटे. परंतु अंगणात खेळून आलेल्या नातवंडांचे खोकणे ऐकले, की हा विनोद मला पुरा करवत नाही. म्हणून तो येथेच सोडतो.

भाषेचे प्रकरण मोठे आहे. छत्तीसगडी ऐकताना मराठी माणसास प्रथम असे वाटते, की आपल्याला सारे समजते. हाच धोका. ‘मोर’ म्हणजे ‘माझा’. ‘मोर घर’ ऐकून पक्षी पाहावयास धावू नये. ‘दाई’ म्हणजे आई. आमच्या एका पाहुण्यांना शेजाऱ्याने सांगितले, की गावाहून दाई आली आहे, पाहुण्यांनी त्याचे हात हातांत घेऊन विचारले, “मुलगा की मुलगी?” ‘भाजी’ म्हणजे केवळ पालेभाजी. “बटाट्याची भाजी करा” असे सांगितल्यास गृहिणी संकोचाने विचारते, की बटाट्याचा पाला आणावयाचा कोठून? परंतु हे विनोद एकदा ओसरले, की खाली एक निराळीच जमीन लागते. शेतकऱ्याचा नांगर तेथेही नांगरच आहे. आणि ‘मला’ला छत्तीसगडी माणूस ‘मोला’ म्हणतो, ‘तुला’ला ‘तोला’. हिंदीचा ‘को’ ओलांडून हा ‘ला’ तेथे भेटतो, तेव्हा दूरच्या बाजारात आपल्याच गावचा माणूस अकस्मात समोर यावा, तसे वाटते. तो ‘ला’ आमच्याकडून तिकडे गेला की कसे, हा भाषापंडितांचा प्रश्न. मला इतकेच कळते, की तो भेटला म्हणजे बरे वाटते.

या देशात पंचांगे दोन आहेत, हेही ध्यानात असावे. उत्तरेचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे शेजाऱ्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधी सरतो. दोन्हीकडची मने राखणाऱ्या घरी श्रावण दीड महिन्याचा होतो. मत्स्याहारी पाहुण्यांनी त्या बेताने यावे. पण गंमत अशी, की महिन्यांच्या नावांवरून भांडणारी ही दोन पंचांगे चंद्रावर मात्र एकमत आहेत. ज्या अमावास्येस शेजारी हरेली करतात, नांगर-कुदळ धुऊन पूजतात आणि मुले बांबूच्या गेड्यांवर चढून चालतात, त्याच दिवशी माझ्या घरी दिव्यांची आवस असते आणि समया घासून पाटावर मांडल्या जातात. पुढच्या अमावास्येस त्यांचा पोरा, आमचा पोळा. मातीचे बैल एकाच कुंभाराकडून येतात. तिथीचे नाव काय, हे त्या बैलांना कोणी विचारीत नाही.

भोजनात येथील खास पदार्थ म्हणजे बासी. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवावयाचा आणि सकाळी कांदा, मीठ, हिरवी मिरची यांबरोबर खावयाचा. उन्हाळ्यात याच्यासारखे थंड अन्न नाही. उरला नावाच्या देशाचे राष्ट्रीय अन्न उरलेला भात असावे, यात मला औचित्य दिसते. पुण्या-मुंबईचे पाहुणे प्रथम नाक मुरडतात. पण आपणही शिळ्या भाताला फोडणी देऊन न्याहारी करतोच. फरक फोडणीचा, आणि थोड्याशा अहंकाराचा. २०२२ साली १ मे रोजी, कामगारदिनानिमित्त, छत्तीसगड सरकारने सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले. १ मे म्हणजे महाराष्ट्रदिनही. त्या दिवशी माझ्या पानात उजव्या बाजूला बासी आणि डाव्या बाजूला श्रीखंड होते. दोन राष्ट्रांशी निष्ठा राखणाऱ्याचे पोट ज्या अवस्थेत जाते, त्या अवस्थेत मी दुपारभर पडून होतो.

आमच्या देशाला परराष्ट्रमंत्रीही होऊन गेले. माधवराव सप्रे यांचे नाव आपण ऐकले असेल. मातृभाषा मराठी, पण १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले ते हिंदीतून. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले ते त्यांनीच. दोन भाषांच्या मध्ये उभे राहणाऱ्या माणसाने कसे उभे राहावे, याचा तो धडा आहे. कोणाची पायरी होऊ नये आणि कोणाची भिंतही होऊ नये, दार व्हावे.

आता मुख्य सूचना. वाचून दाखविलेल्या सर्व सूचना आपण विसरलात तरी चालेल, एवढी एक विसरू नये.

माझ्या वडिलांच्या काळी घरातील रेडिओचा काटा नागपूर केंद्रावर असे. ते केंद्र १९४८ साली सुरू झाले. रात्री आवाज दूर जाई, जवळ येई, मध्येच खरखरे. वडील कान लावून बसत. १९६३ साली रायपूरलाच केंद्र आले आणि आवाज स्वच्छ झाला, परंतु तो अर्थातच हिंदी होता. वडिलांनी काटा हलविला नाही. ते म्हणत, “स्वच्छ आवाजापेक्षा आपला आवाज बरा.” आमची मराठी अशी खरखरीतून कानी आलेली आहे. ती थोडी नागपुरी, थोडी हिंदी, थोडी छत्तीसगडी. आम्ही ‘जात आहे’ म्हणत नाही. ‘जाऊन राहिलो’ म्हणतो. या क्रियापदात ‘राहणे’ आहे, हे मला आवडते. आम्ही जातानाही राहतो.

काही वर्षांपूर्वी एक दूरचे आप्त आमच्याकडे उतरले होते. गृहस्थ सुविद्य, मनाने चांगले. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळा हिंदी-इंग्रजी, मैत्रिणी छत्तीसगडी; मराठी तिला केवळ आमच्या घराच्या चार भिंतींत भेटे. पाहुण्यांपुढे पाणी ठेवून ती म्हणाली, “काका, आई पोळ्या करून राहिली, तुम्ही हात धुऊन घेऊन घ्या.” पाहुणे खो-खो हसले. दुष्टपणाने नव्हे, मौजेने. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणावयास लावले, घरी दूरध्वनी करून बायकोलाही ऐकविले. “किती गोड मराठी आहे हो हिची!” असेही म्हणाले. नात उभी राहिली, मग आत गेली. त्या दिवसापासून ती पाहुण्यांशी हिंदीत बोलू लागली. पुढे आमच्याशीही. कोणी विचारले तर म्हणे, “मुझे मराठी नहीं आती.” एक चांगला माणूस एकदा मौजेने हसला, आणि आमच्या देशाची लोकसंख्या एकाने घटली.

म्हणून विनंती, की आमच्या देशात येताना शुद्धलेखनाचे पुस्तक पेटीतच राहू द्यावे. चुकले तर जरूर सांगावे. पण आपण नव्हे, आपल्या बोलण्याने सांगावे. दोन दिवस शेजारी बसून नीट मराठी बोललात, तर मूल आपसूक सुधारते. एकदा हसलात, तर गप्प होते. आणि “इतकी वर्षे बाहेर राहूनही मराठी बरी बोलता हो!” ही स्तुतीही करू नये. आम्ही बाहेर राहत नाही. आम्ही घरी राहतो; घराचा क्रमांक बदलला, इतकेच.

परत जाताना भेटवस्तू काय न्यावी, असे प्रवासी विचारतात. लोखंडाची सळई नेता येत नाही. दसऱ्याच्या सुमारास आलात, तर एक पान न्यावे. विजयादशमीला सोन्याची पाने देण्याची चाल छत्तीसगडात बिंबाजी भोसल्यांनी पाडली, असे तेथील इतिहासात सांगतात. भोसल्यांचे राज्य गेले. मोडी दप्तरे कसरीने खाल्ली. पान मात्र आजही हातातून हातात जाते, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कोठून आले याचा पत्ता नसतो. जे आपले म्हणून मिरवावयाचे राहत नाही, तेच कदाचित अधिक टिकते.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. नात आता मोठी झाली आहे. संध्याकाळी पानांची परडी घेऊन ती आळीत निघाली. मी ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या घरी गावाहून आलेली वृद्ध दाई दाराशी होती. नातीने तिच्या हातावर पान ठेवले, वाकून नमस्कार केला, आणि क्षणभर थांबून म्हणाली, “सोने घ्या, सोन्यासारखे राहा.” पाच वर्षांत तिच्या तोंडून दारात उच्चारलेले ते पहिले मराठी वाक्य. म्हातारीला शब्द कळले असतील की नाही, ठाऊक नाही. पण ती हसली नाही. तिने पान कपाळाला लावले आणि पदराच्या गाठीत बांधले.

नात परत येऊन माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “आजोबा, दाई ‘मोला’ म्हणते ना, ते आपले ‘मला’च आहे का?” मी म्हटले, “हो.” ती म्हणाली, “मग तिला कळून राहिले असेल.”

मी ते वाक्य सुधारले नाही. आजी असती तर तिला सांगितले असते, की बाकीचे कोठे गेले ते अजून समजले नाही. पण उरला आहे, आणि बोलून राहिला आहे.